रोल संपवणारी लीलावहिनी

लीलावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. फोन प्रशांतचा, माझ्या भाच्याचा. "आत्या, आई जेवून झोपली ते उठलीच नाही," एवढंच तो बोलला. वहिनीनं ऐंशी कधीच ओलांडली होती, आजारपण असं काही नव्हतं. आदल्याच आठवड्यात तिच्याशी बोलणं झालं होतं, तर लिंबाच्या लोणच्यात यंदा मीठ बेतानं घाल, मागच्या वेळी जिभेला चट्टे पडले, असं तिनं मला बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले. बुलढाण्याहून मोताळा, नांदुरा करत जळगाव जामोदला पोचेपर्यंत खिडकीशी बसून रडत गेले. आणि तिच्या अंगणात पाऊल टाकलं तर कानावर आलं बायकांचं हसू. संग्रामपूरकडच्या सोनाळा गावाहून टेम्पो करून बाया आल्या होत्या. वहिनीभोवती बसून डोळे पुसत होत्या, आणि मध्येच एखादी काही आठवून सांगायची की सगळ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. एकजण सांगत होती, लीलाबाईनं मला फोटोसाठी सरळ बसवलं, मी कंटाळून पुन्हा कामाला वाकले आणि तेव्हा तिनं फोटो काढला. मला वाटलं, आता कुणीतरी मोठं माणूस यांना गप्प करेल. कुणी केलं नाही. रडून डोळे सुजलेला प्रशांतसुद्धा हसत होता. त्याला आता महिना उलटला, आणि मला वहिनी आठवते ती त्या हसण्यासकटच.

ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. तिचं माहेर मोताळ्याकडचं, घरी कापसाची शेती. माझ्या दादाचा जळगाव जामोदला मेन रोडवर फोटो स्टुडिओ होता. समोर काउंटर, मागे फोटो काढायची खोली, त्याच्याही मागे लाल दिव्याची अंधारी खोली आणि त्याला लागून आमचं घर. फोटोच्या खोलीत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, दोन राजहंस, आणि आमच्या सगळ्या तालुक्यात कुणाच्या घराला नसेल असा गोल जिना. खुंटीवर एक कोट आणि गाठ मारून ठेवलेला टाय. शेतातनं थेट आलेला माणूस तो कोट चढवायचा, दादा त्याला खुर्चीत बसवून हात गुडघ्यांवर ठेवायला लावायचा आणि श्वास रोखायला सांगायचा. दादाच्या फोटोतली सगळी माणसं त्यामुळे कुणीतरी रागावल्यासारखी दिसतात. दादाला ते आवडायचं. फोटो म्हणजे माणसाचा मान, तो आयुष्यात एकदोनदाच निघतो, त्यात दात काय दाखवायचे, असं त्याचं म्हणणं.

वहिनीचं स्टुडिओतलं पहिलं काम म्हणजे फोटो धुणं. ते तिला फार आवडलं. कोऱ्या कागदावर पाण्यातनं चेहरा वर येताना पाहिला की ती दर वेळी त्या चेहऱ्याला "या, या" म्हणायची. मग हळूहळू बायकांचे फोटो असले की दादा तिला पदर नीट करायला, हनुवटी वर करायला बोलवू लागला. स्वतः त्याला ते करता येईना आणि बायकाही परक्या पुरुषासमोर दगडासारख्या बसायच्या. एकदा तो लग्नाच्या ऑर्डरीला बाहेरगावी गेला असताना एक वडील आपल्या मुलीला घेऊन आले. मुलाकडच्यांना दाखवायला फोटो हवा होता, परतीची गाडी तासाभरात. वहिनी म्हणाली, मी काढते. घरातला जुना कॅमेरा दोन डोळ्यांचा होता, पोटाशी धरून वरून त्यात बघायचा. त्यामुळे फोटो काढणाऱ्याची मान खाली आणि समोरच्याला वाटतं, ही आपल्याकडे बघतच नाहीये. वहिनी खाली मान घालून त्या मुलीशी गप्पा मारत राहिली. तुझ्या हातची भाकर कुत्रं तरी खाईल का, असं काहीतरी विचारलं, मुलगी फसकन हसली आणि फोटो निघाला. वडिलांना तो फोटो पसंत पडला नाही, दादालाही नाही. पण पाठवायला दुसरा नव्हता. लग्न जमलं. आमची आई मात्र पुढे कैक वर्षं शेजारणींना सांगायची, आमची सून कॅमेरासुद्धा मान वर न करता चालवते.

त्या दिवसापासून दादानं तिला मनापासून शिकवलं. उजेड कसा मोजायचा, सावली कुठे पडू द्यायची नाही, सगळं. बायकांच्या ऑर्डरी तिच्याकडे आल्या. डोहाळजेवणं, बारशी, हळदी. या कार्यक्रमांना ती एकटी एसटीनं जायची, खांद्याला कॅमेरा, हातात पिशवी. आणि इथून तिला एक सवय लागली. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. कार्यक्रम दहांत आटपला तर दोन उरायचे. रोल धुवायला काढायचाच असायचा, त्यामुळे ते दोन वाया जाणार. वहिनी ते वाया जाऊ द्यायची नाही. परतीच्या वाटेवर जे दिसेल त्याचा फोटो काढून रोल संपवायची. विहिरीवर दोर ओढणाऱ्या बाया, गच्चीवर कुरडया घालणारी सासू आणि तिच्या पाठीवर लोळणारं नातवंड, लिंबाखाली गिऱ्हाइकाचा गाल ताणून वस्तरा फिरवणारा न्हावी, केळीच्या घडांवर झोपलेला गाडीवान. दादा चिडायचा, या फोटोंचे पैसे कोण देणार, म्हणायचा. पण ते निगेटिव्ह त्यानं कधी फेकले नाहीत. साड्यांच्या खोक्यांमध्ये पातळ कागदात गुंडाळून ठेवायचा आणि वर मोठ्या अक्षरात लिहायचा, 'लीलाचे उरलेले'.

यातले बरेचसे फोटो सोनाळ्याचे. तिची थोरली बहीण तिथे दिलेली होती आणि संग्रामपूरकडची कुठलीही ऑर्डर असली की वहिनीचा मुक्काम बहिणीकडे. सोनाळ्याचे लोक तिला इतके सरावले की ती कॅमेरा काढून उभी राहिली तरी कुणी हातातलं काम सोडायचं नाही. रशीदचाचा पिंजारी होते, गाद्या भरायचे. त्यांचा एक फोटो आहे. कापूस पिंजायच्या धुनकीची तात ताणलेली, खोलीभर कापूस उडतोय, आणि चाचांच्या दाढीला, भुवयांना, टोपीला कापूस चिकटलेला. चाचा कॅमेऱ्याकडे बघून एवढे हसतायत की डोळे दिसतच नाहीत. हा फोटो दादानं मला एकदा गुपचूप दाखवला होता. म्हणाला, "सुमे, मले असा नाही काढता येनार." मग तो खोक्यात ठेवून दिला. वहिनीला ही गोष्ट मी दादा गेल्यानंतर सांगितली. ती उठून चहा टाकायला गेली, आणि चहात दोनदा साखर घालून आली...

दादा गेला, पडदे गेले, रोल गेले. प्रशांतनं स्टुडिओ संगणकावर आणला. त्यानंच एका पावसाळ्यात, ऑर्डरी नसताना, ती खोकी काढून निगेटिव्ह स्कॅन करायला घेतले. काही त्यानं मोबाइलवर टाकले, ते या हातून त्या हाती गेले आणि एक दिवस शहरातून एक गृहस्थ घरी आले. जुन्या गावजीवनाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं त्यांना. माणूस चांगला, अभ्यासू. वहिनीला वाकून नमस्कार केला, दिवसभर बसून सगळे फोटो पाहिले आणि संध्याकाळी आपल्या पसंतीचे बाजूला काढले. मी त्या दिवशी तिथेच होते. वहिनीनं ते फोटो एकेक करून पाहिले. फाटकं लुगडं, हाडं दिसणारा बैल, नाक वाहणारं पोर, रिकामं मडकं. रशीदचाचा त्यात नव्हते. कुरडयांवरची सासू नव्हती. हसणारं एकही माणूस नव्हतं.

"हसनारे काऊन नाही घेतले तुम्ही?" तिनं विचारलं.

ते म्हणाले, ते फोटो जरा मुद्दाम बसवून काढल्यासारखे वाटतात, आणि त्या काळचे हाल त्यांतून दिसत नाहीत. वहिनीनं समोरचे फोटो पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाली, "पदर म्या नीट केला असंन कोनाचा. हसू नाही लावलं म्या कोनाच्या तोंडाले. ते त्याईचंच होतं."

रागानं नाही म्हणाली. पण त्यांना फोटो लगेच दिलेही नाहीत. ज्यांचे आहेत त्यांना आधी विचारलं पाहिजे, म्हणाली. त्यांनी सांगितलं की यातले बरेच लोक आता हयात नसतील. त्यावर ती म्हणाली, पोरंबाळं तर आहेत. त्या गृहस्थांनी महिनाभर थांबायचं कबूल केलं. ते गेल्यावर तिनं प्रशांतला सांगितलं, सोनाळ्याचे सगळे फोटो मोठे करून दे, हसणारे आणि न हसणारे, दोन्ही. ती ते घेऊन सोनाळ्याच्या बाजाराला जाणार होती. तिचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही तिच्याबरोबर निघालो.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही एका लिंबापासून शेजारच्या दुकानाच्या खांबापर्यंत दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो अडकवले. बहिणीच्या घरून खुर्ची आणून वहिनीला बसवलं. सुरुवातीला कुणी फिरकेना. एकानं विचारलं, निवडणूक आली का. एका बाईला देवादिकांचे फोटो हवे होते. मी मनातून धास्तावले होते, उन्हात या म्हाताऱ्या बाईचा पचका होऊ नये. तेवढ्यात वांग्यांची पिशवी घेतलेला एक म्हातारा दोरीपाशी थबकला, पुढे झाला, मागे गेला, परत पुढे झाला. "हा तं आमचा सर्जा," तो म्हणाला. सर्जा म्हणजे बैल. बैलाच्या बाजूला कासरा धरून उभा असलेला माणूस आपला बाप आहे हे त्याला त्यानंतर कळलं. त्यानं वांगी तिथेच खाली ठेवली आणि भावाला बोलवायला गेला.

त्यानंतर जे झालं ते सांगायला माझी लेखणी कमी पडते. तासाभरात दोरीभोवती उभं राहायला जागा नव्हती. भाजीवाल्या वजनाचा ताजवा टाकून आल्या. ही कोण, तो कोण, हे नाक कुणाचं, ही नथ कुणाकडे गेली, यावरून भांडणं. ज्यांच्या घरी आईचा एकही फोटो नव्हता अशी पन्नाशी गाठलेली माणसं आईला बघत उभी होती, विहिरीवर, जात्यावर, उंबऱ्यात बसून दुसरीच्या उवा बघताना. रशीदचाचांची नात आपल्या लेकीला घेऊन आली. या नातीनं आजोबांना पाहिलेलंच नव्हतं. ती फोटोपुढे उभी राहिली आणि चाचांसारखीच हसली, डोळे मिटून. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांपैकी एकीनं बोटं मोडून तिची दृष्ट काढली. वहिनी खुर्चीत बसून सगळ्यांना "या, या" म्हणत होती.

आणि मग द्वारकाबाई आली. द्वारकाबाई वहिनीच्याच वयाची, आता गावात नाव असलेलं घर तिचं. मुलाचं बी-बियाण्यांचं दुकान, दारात गाडी. दोरीवरच्या एका फोटोत ती तरुणपणी भिंत लिपताना होती. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, जागोजागी फाटलेलं, हात कोपरापर्यंत मातीत. मुलानं तो फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. चार माणसांत आमच्या आईचा असा फोटो लावायचा काय संबंध, तो खाली घ्या, असं तो बोलला, आणि बोलताना त्याचा आवाज चढला. वहिनी खुर्चीतून उठली, तिनं स्वतः चिमटा काढला आणि फोटो त्याच्या हातात दिला. तुझाच आहे, म्हणाली. मला वाटलं, झालं, आता एकेक जण येऊन आपापला फोटो उतरवायला लावेल.

द्वारकाबाईनं तो फोटो मुलाच्या हातातून घेतला. डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. "हे आपली आतली खोली व्हय," ती म्हणाली. "तुहा बाप बाहेरगावी कामाले होता. हे भिंत म्या एकटीनं घातली." मुलगा पुटपुटला, पण आई, कपडे बघ ना. त्यावर ती म्हणाली, "चांगलं लुगडं नेसून कोनी भिंत लिपते काय बे?"

आधी कुणीतरी मागून हसलं, मग सगळा बाजार हसला. शेवटी तो मुलगाही हसला, मान खाली घालून. द्वारकाबाईनं फोटो पुन्हा वहिनीच्या हातात दिला आणि सांगितलं, लाव, पण खाली माझं नाव लिही आणि मी काय करून राहिले होते तेही लिही, नाहीतर लोकांना वाटेल मी भीक मागायला उभी होते. मग प्रत्येकालाच तसं हवं झालं. मी शाळेत फळ्यावर लिहिण्यात जन्म घालवलेली बाई, माझ्याकडे स्केचपेन आलं. रशीद पिंजारी, जावयाची गादी भरताना. गंगाबाई, नातवाला न रागावता कुरडया घालताना. त्या दिवशी संध्याकाळी माझी बोटं दुखत होती आणि वहिनीचा घसा बसला होता.

ते शहरातले गृहस्थ परत आले तेव्हा वहिनीनं त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. खाली नावं लिहायची, आणि रडके जितके न्याल तितके हसरे न्यायचे. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या वरच्यांना सगळं पटलं असं नाही, जागा कमी आहे वगैरे निरोप आले, आणि शेवटी बरेच फोटो गळाले. पण जे लागले ते नावासकट लागले आणि रशीदचाचा दारातच होते. प्रदर्शन फिरत अकोल्याला आलं तेव्हा द्वारकाबाईच्या मुलानं आपण होऊन गाडी काढली. मागच्या सीटवर वहिनी, द्वारकाबाई आणि मी. द्वारकाबाई आपल्या फोटोपुढे जी उभी राहिली ती हलेना. येणाऱ्या प्रत्येकाला ती माती कुठून आणली, भुसा किती टाकायचा, शेण कधी घालायचं हे समजावून सांगत होती. कॉलेजच्या मुली ऐकत होत्या. ते गृहस्थही मागे उभे राहून ऐकत होते, आणि नंतर वहिनीजवळ येऊन म्हणाले की हा फोटो मी दुःखाचा म्हणून निवडला होता. वहिनीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही सगळ्यांनी आईस्क्रीम खाल्लं. वहिनीनं दोन खाल्ली.

त्यानंतरची तिची वर्षं फार सुखाची गेली. सोनाळ्याहून, जळगावातून, आजूबाजूच्या खेड्यांतून कुणी ना कुणी यायचं, आमच्या आजीचा एखादा उरलेला फोटो आहे का विचारत. दिसायला कमी झालं तरी ती फोटो हातात घेऊन खिडकीशी जायची आणि कुणाचं तरी नाव सांगायची. चुकलं तर स्वतःच हसायची.

तेरवी झाल्यावर मी प्रशांतबरोबर सोनाळ्याला गेले. द्वारकाबाईला तेरवीला येणं जमलं नव्हतं, पायाला लागलं होतं. पुढे सिमेंटचं घर, टाइल्स, सोफा. पण तिनं आम्हाला आत नेलं, मागच्या खोलीत. सगळं घर नव्यानं बांधलं तरी ही खोली तिनं पाडू दिली नव्हती. मातीची भिंत, वरून चुन्याचा हात. भिंतीवर तो फोटो काचेत लावलेला. मी तो इतक्यांदा पाहिलेला, पण हा काहीतरी वेगळा वाटत होता. प्रशांत म्हणाला, बाजारासाठी मोठा करताना मी कड कापली होती, बाबा कापायचे तशी. यांच्या मुलानं अख्खा मागून नेला.

द्वारकाबाईनं काठीनं दाखवलं. फोटोत उजवीकडे, ओल्या भिंतीवर एक सावली पडली होती. डोक्यावर पदर घेतलेल्या बाईची, पोटाशी दोन्ही हात धरलेली.

"हे पाह्य, तुही वहिनी," द्वारकाबाई म्हणाली. "म्या म्हनलं, सरक तिकडे, तुह्या सावलीनं मले दिसत नाही. तं म्हने, लिप वरूनच. म्हून मंग म्या तिच्या अंगावरूनच हात फिरवला..." ती थांबली, आणि काठी फोटोवरून काढून शेजारच्या भिंतीला लावली. "इथंच कुठंतरी हाय ती."

सुनेनं चहा आणला. सोफ्यावर चला, आत्या, असं ती दोनदा म्हणाली. प्रशांत तिच्यामागे बाहेर गेला, मी कप घेतला आणि त्या भिंतीला पाठ टेकून खालीच बसले. भिंत गार होती. चहा संपल्यावरही बराच वेळ आम्ही तिथे बसलो होतो, द्वारकाबाई, मी, आणि तिच्या माझ्या मध्ये सोडलेली थोडी जागा.